डुकराविषयी माझी काही एक तक्रार नाही

फांगालोटो,
सोमवार, न्याहारीनंतर

आदरणीय मेलेआनेताई,

आधी देवाचे आभार, की त्याने तुम्हाला ऑकलंडच्या गारठ्यात धडधाकट ठेवलं आणि मला इथे बेटावर, जसा आहे तसा. त्याच्या खालोखाल तुमच्या धाकट्या भावाचा, फिनेआसीचा, तुम्हाला जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (समोर असता तर मी तुमच्याबरोबर एका खोलीत बसलोही नसतो, आणि फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून 'हो ताई' आणि 'पाऊस पडला ताई' यापलीकडे काही निघत नाही. बहिणीपुढे भावाने असंच असावं, आणि मी तसाच आहे. म्हणून हा कागद.) तुमचा गुडघा कसा आहे? त्या वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात अजून दिवसभर उभंच करतात का? भाचे रविवारी चर्चला जातात ना, की नुसतं 'गेलो' म्हणून सांगतात? इथे सगळं बरं आहे. रताळी चांगली आली, सुरण थोडे किडले, माझी उजवीकडची दाढ ठणकते. गेल्या गुरुवारची बोट आली नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारची आली, पण शुक्रवारी.

आता तुम्ही पाठवलेल्या मुलीविषयी. मारित जूनमध्ये सुखरूप पोचली हे मी तुम्हाला फोनवर सांगितलंच ('हो ताई, पोचली ताई'). पुढचं सांगायचं राहिलं. तुमचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. तुमचा निर्णय चुकला असं म्हणणारी जीभ माझ्या तोंडात देवाने घातलेलीच नाही. फिनलंड नावाच्या कुठल्याशा देशातली, सव्वीस वर्षांची, दाराची चौकट कपाळाला लागेल एवढी उंच पोरगी तुमच्या वृद्धाश्रमात कामाला आली, तुमच्या घरी आठ महिने राहिली, तुमच्या हातचं खाऊन आपली भाषा शिकली, आणि मग एका रविवारी प्रार्थना चालू असताना तुम्ही उभ्या राहिलात आणि रडत रडत सगळ्या चर्चसमोर सांगितलंत की आजपासून ही माझी लेक. उत्तम झालं. चर्चमध्ये रडताना माणसाच्या तोंडून बरंच काही निघून जातं, दुसऱ्याने ते सोमवारी विसरायचं असतं. पण तुम्ही बोललात म्हणजे विषय संपला. तुमची लेक ती माझी भाची. आणि बहिणीचं लेकरू म्हणजे आपल्यात काय असतं हे मी तुम्हाला काय सांगू? फाहू! मामाच्या घरातलं जे हवं ते उचलावं, आणि मामाने वर विचारावं, 'आणखी काय देऊ?' आपल्या बापाने आत्याच्या मुलाला नवी कोरी होडी दिली तेव्हा हसत हसत दिली होती, आणि मग मागच्या अंगणात जाऊन दुपारभर एकटाच नारळ सोलत बसला होता. मी पाहिलंय.

पण ताई, आपल्या पोरांना काही भीड असते! तुमचे दोघे मागे आले होते तेव्हा काय मागितलं? एक फोनची चार्जिंगची वायर आणि जाताना टोपलीभर सुकट. त्यांना हक्क आहे हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि तो हक्क कधी वापरायचा नाही हेही दोघांना ठाऊक. याला म्हणतात संस्कार. ही मात्र आपल्या रीतीभातींच्या प्रेमात पडलीय. माणसाच्या प्रेमात पडली असती तर मी काहीतरी उपाय काढला असता. चांगला मुलगा असता तर लग्न लावलं असतं, वाईट असता तर होडीत घालून पलीकडच्या बेटावर सोडून आलो असतो. रीतीभातींना कुठे सोडून येऊ?

उदाहरणार्थ रविवार. रविवारी पाण्यात उतरायचं नाही, मासे धरायचे नाहीत, हा देवाचा नियम आहे आणि सरकारचा कायदाही आहे. तो मी आयुष्यात मोडलेला नाही. मी शनिवारी संध्याकाळी जाळं लावतो आणि सोमवारी उजाडलं की काढतो. आपले आजोबा असंच करत होते, आणि पाद्रीसाहेबांचे आजोबा आपल्या आजोबांच्या शेजारी जाळं लावत होते. ही बया काय म्हणाली असेल? 'मामा, तुम्ही विश्रांती घेता, पण जाळं तर रविवारभर कामावर असतं.' आता माझं जाळं रविवारी कुंपणावर वाळत असतं. मासे काही चर्चला जात नाहीत, ते पेनिसिमानीच्या जाळ्यात जातात. (पेनिसिमानी म्हणजे आपला चुलतभाऊ, माझा शेजारी. तुम्हाला आठवत असेल, दहा वर्षांचा होईपर्यंत पाण्यात उतरताना रडायचा. आता दात काढायला शिकलाय.) शिवाय कमरेची चटई. मोठ्या माणसांसमोर जाताना कमरेला चटई गुंडाळावी, बरोबर. पण ही दुकानात काड्यापेटी आणायला चटई बांधून जाते. कोंबड्यांना दाणे टाकायला चटई बांधून जाते. गावातल्या आया आपल्या पोरींना बोटं मोडून सुनावतात, 'बघ, परक्या मुलखातली असून!' आणि त्या पोरी माझ्याकडे खाऊ का गिळू बघतात, जशी काही मीच हिला तिकडून मागवली.

उरलेला वेळ पाण्यात. सकाळी पाण्यात, दुपारी पाण्यात, संध्याकाळी 'मामा, पाच मिनिटं' म्हणून पाण्यात. तिच्या गावाला समुद्र गोठतो आणि हे लोक त्याला भोक पाडून आत उतरतात म्हणे, त्यामुळे आपलं पाणी बघून तिला वेड लागलं असेल तर त्यात नवल नाही. मागच्या महिन्यात उथळ पाण्यात पालथी पडून होती, हलेना. कपड्यांसकट धावलो, तर डोकं वर काढून म्हणते, 'शू! देवमासे गातायत. ऐका.' ताई, मी चौपन्न वर्षांचा आहे. याच पाण्यावर पोट भरलं. देवमासा दिसला तर होडी बाजूला घ्यायची एवढं मला माहीत. गाणं ऐकायला म्हणून पाण्यात डोकं घालायची बुद्धी मला कधी झाली नव्हती. घातलं. ऐकू आलं. मी बराच वेळ तिथे होतो, आणि वर आलो तेव्हा डोळ्यांत मीठ गेलं होतं. (हे पेनिसिमानीला कळता कामा नये.)

पण मूळ दुखणं वेगळंच आहे. पहिला महिनाभर तिने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. मी निश्चिंत होतो. तेवढ्यात या पेनिसिमानीने तिला कुंपणावरून हाक मारली आणि अगदी पाद्र्यासारखा चेहरा करून सांगितलं, 'पोरी, तू मामाकडे काही मागत नाहीस, गाव बोलायला लागलंय. भाची मागत नाही म्हणजे मामाच्या घरात मागण्यासारखं काही नाही, असा अर्थ होतो.' झालं! पोरगी रात्री जेवली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहाचा पहिला घोट घेतोय तोवर, कमरेला चटई बांधून उंबऱ्याशी खाली मान घालून बसली. कानाच्या पाळ्या लाल. मागणं तिच्या जिवावर आलं होतं हे मला स्वच्छ दिसत होतं. 'मामा, मला तुमचा कोयता फार आवडला.' मी काय म्हणणार? 'तुझाच आहे. आणखी काय देऊ?' तर हिने ते 'आणखी काय' खरं धरलं. तेव्हापासून रोज सकाळी एक. रेडिओ. कंदील. प्लास्टिकची खुर्ची, जिच्यावर बसून मी अकरा वर्षं समुद्र बघतो. आजोबांची चटई, जिला इतकी भोकं आहेत (चटई जितकी जुनी, तितकी मानाची) की तिच्यापुढे सरदारसुद्धा मान झुकवतो. मी प्रत्येक वेळी हसून देतो आणि ती प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणून घेते. आम्ही दोघंही यात कुठे सुखी आहोत, सांगा! आणि पोरगी मनाने चांगली आहे हा आणखी वैताग. म्हणते, 'मामा, कोयता लागला तर खुशाल वापरा हं.' मी माझ्याच कोयत्याने नारळ फोडायला तिची परवानगी काढतो. खुर्चीवर बसायचं तर आधी खाकरतो.

हे सगळं मी गिळलं असतं. मी गिळणारा माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे. पण ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी तिने डुक्कर मागितलं.

ताई, हे डुक्कर म्हणजे नुसतं डुक्कर नव्हे. माझी वाइओलेती गेली त्याच्या दोन महिने आधी एका वेतातलं सगळ्यात मरतुकडं पिल्लू तिने उचलून घरात आणलं होतं. आजारपणात तिला स्वतःला घास जात नव्हता, पण खोवलेला नारळ ती त्याला बोटाने भरवायची. ओहोटीला त्याला घेऊन किनाऱ्यावर बसायची. आपली डुकरं ओहोटीच्या पाण्यात शिंपल्या उकरतात, तशी हेही शिकलं. बायको गेली गेल्या वर्षीच्या ऑगस्टात. ऑक्टोबरात चर्चचं वर्षाचं जेवण. घरटी एक टेबल मांडायचं, आणि माझ्या टेबलावर काय होतं? उकडलेली रताळी आणि डब्यातलं मांस. बायकांनी गुपचूप आपापल्या टेबलांवरचं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. पेनिसिमानीने आपल्या डुकराची एक मांडी पाठवली. पाद्रीसाहेबांनी माझं नाव घेऊन वेगळी प्रार्थना म्हटली, आणि मागून कुणाचा तरी आवाज आला, 'बिचारा फिनेआसी.' मला शिवी दिली असती तर चाललं असतं. त्या 'बिचारा'ने मी वर्षभर झोपलो नाही. त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी वाइओलेतीच्या हातचं डुक्कर वाइओलेतीच्या टेबलावर असं मांडायचं की 'बिचारा' म्हणणाऱ्याने तोंडात घास घालून गप्प बसावं. वर्षभर मी त्याला पोसलं. स्वतः एक रताळं कमी खाल्लं म्हणा ना! आणि त्या सकाळी ही उंबऱ्यावर बसून म्हणते, 'मामा, तुमच्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू मागितली म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा मान होईल ना?'

मी म्हणालो, 'तुझंच आहे.' 'आणखी काय देऊ' हे त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. देव मला क्षमा करो.

तिने त्याचं नाव पोस्सू ठेवलंय. तिच्या भाषेत त्याचा अर्थ डुक्कर असाच होतो, म्हणजे नाव ठेवण्याचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत. ते आता तिच्याबरोबर पोहतं. ओहोटीला दोघं निघतात, पुढे डुक्कर, मागे चटई. जेवण तीन आठवड्यांवर आलं. दिलेलं परत मागणं माझ्या हातून व्हायचं नाही, मग मी सुचवून पाहिलं. तिच्यासमोर बसून सुरी घासली. तिने घासायचा दगड धरून मदत केली. मी म्हणालो, जेवणाला लोक भरपूर येणार आहेत. ती म्हणाली, 'मग पोस्सूला फुलांची माळ घालून नेऊया.' शेवटी मी अंगणात भट्टीचा खड्डा खणला, डुक्कर भाजण्याएवढा, सहा फुटी, आणि गावभर हिंडून दगड गोळा केले. आता कुणीही शहाणा माणूस खड्डा आणि दगड बघून समजेल की नाही? ही आनंदाने उड्या मारायला लागली. त्यांच्याकडे म्हणे दगड तापवून त्यांवर पाणी मारतात आणि वाफेत बसून घाम काढतात, आणि मामाने आपल्याला घरची आठवण येऊ नये म्हणून हे केलं असं तिला वाटलं! माझ्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी तिने खड्ड्यावर झावळ्यांचं छप्पर घातलं, दगड तापवले, पाणी मारलं. आता पेनिसिमानीची बायको केसाया आणि तिच्या तीन मैत्रिणी रोज संध्याकाळी माझ्या अंगणातल्या डुकराच्या भट्टीत जाऊन बसतात आणि लालबुंद होऊन बाहेर येतात. केसायाची पाठदुखी थांबली म्हणे. माझी डोकेदुखी सुरू झाली त्याचं काय?

आणि पेनिसिमानी! त्याने दोन वर्षं पोसलेलं डुक्कर आमच्या कुंपणालाच बांधलंय, मला दिसेल असं. येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि विचारतो, 'काय रे फिनेआसी, यंदा मांडी कुठली पाठवू, डावी की उजवी?' तळपायाची आग मस्तकात जाते. पण बोलू कुणाला?

असो. पुरे झालं. हे सगळं आपलं सहज लिहिलं, तुम्हाला इकडची खबरबात कळावी म्हणून. गुडघ्याला खोबरेल तेल गरम करून लावत जा. भाच्यांना आशीर्वाद. माझी कशाहीविषयी, विशेषतः डुकराविषयी, काही एक तक्रार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
फिनेआसी

ता. क. मामापेक्षा भाची मोठी हे खरं, पण भाचीपेक्षा तिची आई मोठी हेही खरं. मी सुचवत नाहीये. पण तुम्ही मारितला एरवीही पत्र लिहितच असाल, त्यात जर सहज चार शब्द डुकराविषयी आले, जसं की 'डुक्कर मामाला देऊन टाक', तर मला ते कुठून आले हे माहीत असण्याचं कारण नाही. पत्र लवकर निघालं तर बरं.

ता. क. (मंगळवारी.) काल संध्याकाळी मी मारितशी थोडं बोललो. काही विशेष नाही. एवढंच विचारलं, की पेनिसिमानी माझा कोण? म्हणाली, चुलतभाऊ. मी म्हटलं, आपल्यात चुलत आणि सख्खं असं काही असतं का? म्हणाली, नाही, भाऊ तो भाऊ. (आपल्या रीतीभातींवरच्या पुस्तकात वाचलंय तिने, आपल्यापेक्षा पक्कं.) मी म्हटलं, म्हणजे तो तुझ्या आईचाही भाऊच. मग मी एक सुस्कारा सोडला आणि म्हणालो, 'तीन महिने झाले, तू त्या मामाच्या उंबऱ्याला एकदाही शिवली नाहीस. बोलून दाखवत नाही तो, पण माणूस आतून खचलाय.' बस. यात खोटं काय आहे? पोरगी पुन्हा जेवली नाही.

ता. क. (बुधवारी, दुपारी.) वरची पहिली ता. क. रद्द समजा. मारितला डुकराविषयी काहीही लिहू नका. (ते पान फाडूनच टाकलं असतं, पण मागच्या बाजूला गुडघ्याचं लिहिलंय.) आज सकाळी पेनिसिमानी दारात बसून दात घासत होता. ही चटई बांधून गेली, बसली, मान खाली घातली. मी कुंपणापाशी होतो, योगायोगाने. म्हणाली, 'मामा, तीन महिने मी तुमचा अपमान केला. मला माफ करा. आता छोटं काही मागून भरपाई व्हायची नाही.' आणि डुकराकडे बोट दाखवलं. ताई, त्याचा चेहरा! तोंडात फेस, डोळे हे एवढे. केसाया आतून बघत होती, रस्त्यावर पाद्रीसाहेबांची बायको उभी, नाही म्हणायची सोय नाही. घशात काटा अडकल्यासारखा आवाज काढून 'तुझंच आहे' म्हणाला. आणि मी, अगदी मायेने, कुंपणावरून म्हणालो, 'पेनिसिमानी, आणखी काय देऊ, असं विचारायचं असतं रे.' ओहोटीला दोन डुकरं पाण्यात गेली. मी आत जाऊन चटईवर पडलो आणि पोट धरधरून हसलो. वाइओलेती गेल्यापासून पहिल्यांदा. आता दोघांचीही टेबलं रिकामी. एकाच्या रिकाम्या टेबलाला बिचारा म्हणतात, दोघांच्या रिकाम्या टेबलांना कोण काय म्हणणार! माझ्याकडून प्रश्न मिटला.

ता. क. (गुरुवारी, धक्क्यावर. बोट लांबवर दिसतेय.) मिटला नाही. काल संध्याकाळी पेनिसिमानी माझ्या अंगणात येऊन सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, आणि मला नाही, पोरीला. तुला अक्कल आहे का, हे डुक्कर कशाला होतं माहीत आहे का, आणि ते डुक्कर कशाला होतं माहीत आहे का. आणि मग रागाच्या भरात सगळं बाहेर काढलं. वाइओलेतीचं, नारळ भरवण्याचं, रताळ्यांचं, 'बिचारा' म्हणाल्याचं. मांडी पाठवली त्या दिवशी त्याची केसाया घरी जाऊन माझ्यासाठी रडली होती, तेही. आणि म्हणाला, 'याला बिचारा म्हटलं की हा मरतो, म्हणून मी वर्षभर याला चिडवतोय. चिडला की निदान जेवतो तरी.' असला आगाऊपणा! मी याला कधी सांगितलं होतं माझ्या जेवणाची काळजी घ्यायला? मला इतका राग आला की मी पाठ फिरवून उभा राहिलो, आणि बराच वेळ तसाच राहिलो.

पोरगी पांढरीफटक पडली. तिने दोन्ही डुकरांचे दोर आणून आमच्या हातांत दिले. पेनिसिमानीने आपला घेतला. (त्याला लाज नाही.) मी नाही घेतला. दिलं म्हणजे दिलं. मी तिला म्हटलं, ते आता तुझ्याबरोबर पोहतं, वाइओलेती असती तर तिनेही सुरी लपवून ठेवली असती, आणि हे खरं आहे, फक्त मला ते तोपर्यंत माहीत नव्हतं. मग तिने विचारलं, 'मामा, टेबलाच्या वरच्या अंगाला कोण बसतं?' मी म्हटलं, बहीण. ती नसेल तर तिची लेक, म्हणजे यंदा तू. ती म्हणाली, 'ती जागा आईची आहे. मी नाही बसणार. आई कधीपासून बसली नाही?' मी म्हटलं, आमची आई वारली तेव्हापासून, अकरा वर्षं. 'तुम्ही बोलावलंत का?' आता ही काय विचारायची गोष्ट झाली! भाऊ बहिणीला देतो, भाऊ बहिणीकडे मागत नाही. हे तिच्या पुस्तकात नाही का?

आज सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोवर चटई बांधून उंबऱ्यावर. मला वाटलं आता होडी जाणार. म्हणाली, 'मामा, मला तुमच्याकडून एक पत्र हवंय. आईला. तुमच्या मनात आहे ते लिहा. आणि मोठे झालात म्हणून बहिणीपासून वेगळं, मुलांच्या झोपडीत झोपायला जायच्या आधी, लहान असताना, तिच्याशी बोलायचात तसं लिहा.' मी म्हणालो, असलं पत्र माझ्याकडे नाही. ती म्हणाली, 'आहे.' आणि बसून राहिली. ताई, बघा, मागणारी ती आहे. मला नाही म्हणता येत नाही, पेनिसिमानीलाही आलं नव्हतं. तेव्हा पुढचं जे काही आहे ते माझं नव्हे, तिने नेलेलं आहे, कोयत्यासारखं.

ताई, तू ये. वाइओलेतीच्या वेळी तू आली नाहीस. पेट्या आल्या, चटया आल्या, मी 'हो ताई' म्हणालो, पण मी धक्क्यावर तीन बोटी बघितल्या. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. मी एकटाच जेवतो आणि मला एकट्याला जेवण जात नाही. तीन आठवडे आहेत. रजा माग, गुडघा दुखत असेल तर मी तुला पाठीवर उचलून धक्क्यावरून आणीन, गावाला काय बोलायचं ते बोलू दे. टेबलावर रताळी असतील. वर येऊन बस.

भोंगा झाला.

फिनेआसी